सरपंचाचा पहिला घास

१२ जून, गुरुवार

ही वही आठवणींसाठी नाही, पुराव्यासाठी आहे. उद्या कोणी म्हणायला नको, की भुकूमच्या रत्नाबाईनं भाडेकरू पोरीवर उगाच आळ घेतला. आळ घ्यायचा तर तारीखवार घ्यावा.

तर लिहिते. आज सरपंच दूध न पिता उठून गेला. सरपंच म्हणजे आमचा बोका. शिमग्याच्या सुमाराला कुठून तरी आला, सरळ ह्यांच्या आरामखुर्चीत जाऊन बसला आणि उठायचं नाव घेईना. हे एकदा सरपंचकीला उभे राहून पडले होते. बोक्याचा तो रुबाब बघून म्हणाले, "या सरपंच." झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं बोलणं. तेही मांजराशी.

संक्रांतीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, शब्द जड येतात. येत नाहीत असं नाही, पण लाज वाटते. माणूस समोर आला की ओठ घट्ट मिटून घेतात. मुलीचा फोन आला तरी नुसती मान हलवतात, जशी काही तिला मान दिसते. माझ्याशीसुद्धा खुणाच. एवढ्या वर्षांचा संसार आणि आता खुणा! डॉक्टर म्हणाले, बोलतील तेवढं बोलू द्या, नाहीतर जीभ कायमची जड होईल. आणि हे बोलतात फक्त सरपंचाशी. त्याला मांडीवर घेऊन पेपरातलं सांगतात, गावातल्या पुढाऱ्यांना शिव्या घालतात, मधूनच मलाही घालतात. मी दाराआड उभी राहून ऐकते.

मला मांजराचं कौतुक नाही. गादीवर केस, पायात लुडबुड, माशी मारली तरी वाघ मारल्याचा आव. पण त्याला काही झालं तर हे मुके होतील. एवढंच आहे.

आणि एक तारखेला वरच्या खोलीत करिष्मा राहायला आली. सांगोल्याकडची आहे, लवळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. प्रयोगशाळेत! तिथं कसल्या कसल्या बाटल्या असतात देव जाणे. ती आली आणि बोका मलूल झाला. मी काही म्हणत नाही. लिहून ठेवते.

१५ जून, रविवार

करिष्मा जिन्यात बसली होती. खिशातून टूथपेस्टच्या ट्यूबसारखं काहीतरी काढलं, फाडलं आणि सरपंचापुढं धरलं. तो मेला चाटतोय, डोळे मिटून.

"काय गं ते?"

"मांजराचा खाऊ असतो काकू. कधीतरी देते."

"मांजराचा खाऊ उंदीर असतो."

त्यावर ती हसली आणि खुर्चीतून हेही हसले. चांगले आवाज करून. हसले ह्याचा आनंद आहे, पण तिच्यापुढं हसले हे मला आवडलं नाही. माझ्यापुढं कधी हसले होते ते आठवावं लागेल.

ती कामाला गेल्यावर कचऱ्यातून ती ट्यूब काढली. मासळीचा वास. जर्दाळूच्या डब्यात घालून वर फळीवर ठेवली आहे. पुरावा म्हणून.

१९ जून, गुरुवार

बोका आज दिवसभर पायरीवर पडून. चिमणी शेजारी येऊन बसली तरी नुसतं बघितलं.

माझ्या हातून त्याला काय मिळतं ते आता लिहूनच टाकते, म्हणजे तो प्रश्न मिटला. आमच्या घरात पहिला घास गाईचा. सासूबाई पान वाढण्याआधी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून गोठ्यात नेऊन द्यायच्या, मगच घरातला पुरुष ताटावर बसायचा. पुढं गाई विकल्या, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या. पण रीत कशी विकणार? दोन-चार वर्षं मी घास कावळ्यांना टाकला. आता सरपंच आहे तर तो सरपंचाचा. भाकरी कुस्करून त्यावर आमटी नाहीतर रस्सा. माझी फोडणी लसणाची, वाटण भाजलेल्या कांद्याचं. अख्ख्या भुकूममध्ये माझ्या वाटणाचं नाव आहे. वाटीत थेंब ठेवत नाही तो. संध्याकाळी चहाबरोबर हे लसूण शेव खातात, पाऊस असला तर भजी. त्यातलं डाव्या हातानं सरपंचाला भरवतात. तेवढाच हाताला व्यायाम. बोका पण शहाणा, भजी फुंकर मारून दिल्याशिवाय घेत नाही.

म्हणजे सगळं घरचं, ताजं, चवीचं. मग पोट बिघडतं कशानं? बाहेरच्या पाकिटातल्या खाण्यानं. मांजराला माणसाचं घरगुती खाणं सोसतं. हे कारखान्यातलं मांजराचं खाणं सोसत नाही. साधी गोष्ट आहे.

२१ जून, शनिवार

आज बाईसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या. मी कांदा चिरत होते.

"काकू, रागावू नका, पण मांजरांना आपलं सगळंच खाणं चालतं असं नाही. म्हणजे आपल्याला जे—"

"माझ्या घरात मला रांधायला शिकवू नको."

तशीच माघारी गेली. स्वतः नळीतलं गिळगिळीत चाटवायचं आणि मला शहाणपण सांगायचं. उगाच नाकानं कांदे सोलणारी पोरगी.

२४ जून, मंगळवार

पकडली. आज पकडली!

वाळत घातलेले कपडे घेऊन मागनं आले तर ही सरपंचाच्या वाटीपाशी उकिडवी बसलेली. पहिला घास मी नुकताच ठेवला होता. हिची बोटं वाटीत. मला बघून मूठ मिटली आणि ताडकन उठली.

"काय टाकलंस त्यात?"

"काही नाही काकू."

"मग मुठीत काय हाय?"

"काही नाही." तोंड लालबुंद. तशीच मूठ मिटून जिना चढून गेली. वर नळ सोडल्याचा आवाज आला, म्हणजे हात धुतले. निर्मळ मनाचा माणूस हात कशाला धुवेल?

हे समोरच खुर्चीत होते. सगळं बघितलं असणार. मी विचारलं, "काय टाकलं तिनं, तुम्ही बघितलं ना?" त्यांनी मान जोरजोरात हलवली, डावा हात वाटीकडं, मग तोंडाकडं, मग बाहेर फेकल्यासारखा केला. मला काही कळेना. "बोला ना!" मी म्हटलं तर ओठ मिटून घेतले. ह्यांनाही फितवलंय तिनं. रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवते, त्याचा परिणाम.

वाटीतलं सगळं ओतून टाकलं आणि सरपंचाला नवीन वाढलं. वर जरा जास्तच रस्सा घातला, बिचाऱ्याचा घास गेला म्हणून.

२८ जून, शनिवार

सरपंचाचं नाक गुलाबी होतं, आता कागदासारखं झालंय. अंगणात मुतला तर रंग चहासारखा.

हे त्याला मांडीवर घेऊन म्हणत होते, "काय झालं रं तुला... काय झालं." तेच तेच. त्यांचा आवाज ऐकला आणि मला रडू आलं. दाराआडच रडले.

आता डोळ्यांत तेल घालून बसते. वाटी माझ्या नजरेआड ठेवत नाही. पण ती जाता-येता घुटमळतेच. कुठंतरी पाणी मुरतंय.

४ जुलै, शुक्रवार, कांदेनवमी

आज मोठा दिवस. सासूबाईंनी घातलेला नेम मी मोडला नाही: एकादशीपासून चार महिने घरात कांदा-लसूण नाही, वांगं नाही, मटण-अंडं तर नाहीच. म्हणून नवमीला मनसोक्त कांदा. कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, पातीची पीठ पेरून भाजी, वर लसणाची चटणी. ह्यांना फार दिवसांनी जेवताना घाम फुटला. बरं वाटलं बघून.

सरपंचानं बऱ्याच दिवसांनी तोंड लावलं. ह्यांनी भजीवर भजी भरवली. मी मुद्दाम करिष्माला खाली बोलावलं नाही. तरी वरून वाकून बघत होती. "काकू, त्याला भजी नका ना देऊ, प्लीज," म्हणाली. म्हणजे आमच्या घरच्या सणाला बोक्यानं दोन भजी खाल्ली तर हिच्या पोटात दुखतं. मी जिना चढून गेले आणि कठड्यावर घालायची सतरंजी तिच्या तोंडासमोर झटकली.

५ जुलै, शनिवार

सरपंच उठत नाही. उठवला तर मागचे पाय लटपटतात. धाप लागल्यासारखा श्वास.

रात्रीतनं घातलं तिनं काहीतरी. काल सणाला बोलावलं नाही ह्याचा राग काढला.

मी वर जाऊन सरळ सांगितलं, "तुझं सामान उचल."

"काकू, आधी त्याला डॉक्टरकडं नेऊ. मी रिक्षा बोलावते, मी नेते."

"आधी घालायचं आणि मग न्यायचं, व्हय? माझ्या घरात जनावराला विष घालणारी बाई नको."

ती म्हणाली, "असं तुम्हाला खरंच वाटतं?" मी म्हटलं, मला वाटत नाही, मला माहीत आहे. रडली. रडणं मला ओळखता येतं, पण हिचं खरं की खोटं ते आज कळलं नाही. दुपारी दोन बॅगा घेऊन गेली. जाताना ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

घोटावड्याला जाते म्हणाली. तिथल्या भाड्याच्या खोल्या बघणाऱ्या एजंटाचा नंबर माझ्याकडं होता. त्याला फोन करून सावध केलं. दुसऱ्या कुणाच्या घरात असं व्हायला नको. माझं कर्तव्य होतं ते.

२१ जुलै, सोमवार

लिहायला बोट शिवशिवतंय. सरपंच बरा झाला! नाकावर गुलाबी झाक आली. काल कुंपणावर चढला, आज आमच्याकडं दूध घालणाऱ्या अंबाबाईच्या शेळीवर गुरगुरला. खातो ते माझंच: साधं वरण, जिऱ्याची फोडणी, दूध-भाकरी. घास तोच, वाटी तीच, रांधणारी तीच. फक्त एक माणूस घरातून गेलं. अजून काय पुरावा पाहिजे?

हे मात्र तोंड पाडून बसलेत. सरपंचाला सांगत होते, "पोरगी... चांगली होती." मी दाराआडून पुढं आले आणि म्हटलं, "ऐकू येतंय मला." पुन्हा ओठ बंद.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरपंचानं उंदीर आणून ह्यांच्या चपलेत ठेवला. हे हसले. सगळं ठीक.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

दिवाळीत सरपंचानं चिवडा खाल्ला, चकलीचा तुकडा खाल्ला, शंकरपाळी हुंगून सोडून दिली. नेमातला चिवडा, बिनलसणाचा, पण कढीपत्ता खमंग. काही झालं नाही. ढेकर देऊन झोपला. म्हणजे घरचा खाऊ चालतो हे सिद्ध झालं.

दुपारी फाटकाशी करिष्मा! हातात मिठाईचा पुडा. "काकांना भेटायचं होतं. सरपंच बरा आहे का?" हिला बोक्याची चौकशी कशाला? मी फाटक उघडलं नाही. पुडा घेतला नाही. बोक्याला उचलून आत नेलं.

हे खुर्चीतून उठायची धडपड करत होते. मी म्हटलं, पडाल.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं, नेम सुटला. चार महिन्यांनी पुन्हा कांद्याचं वाटण. वास सुटला तसं ह्यांनी डोळे मिटून घेतले. पहिला घास सरपंचाचा, वरून मटणाच्या रश्श्याची तर्री. वाटी चाटून चाटून त्यानं भिंतीपर्यंत ढकलत नेली.

संध्याकाळी भजी. ह्यांनी भरवली त्याला, चांगली हातभर लांबून. डावा हात आता पुष्कळ वळतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. पायरीवर पडून. डोळ्यांत तेज नाही.

आता कोण? पोरगी तर घरात नाही. सबंध दिवस डोकं खाजवलं. बाहेरून ह्या घरात काय येतं? दूध येतं. अंबाबाईचं शेळीचं दूध. ती आमच्या खालच्या पडीक वावरात शेळ्या चारते आणि सकाळी लोटाभर दूध देते. दसऱ्याच्या आसपास मी तिला म्हटलं होतं, वावराला कुंपण घालायचं आहे. तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. माझ्या लक्षात आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अंबाबाईला स्पष्ट विचारलं, "दुधात काय घालतीस?"

तिनं लोटा खाली ठेवला. "काय म्हनालात?"

"बोका आजारी हाय. तुझंच दूध पितो."

"वैनी, तुमच्या बोक्याला मारून मला काय मिळनार हाय? माझी करडं त्याच दुधावर वाढत्यात, ती काय मेली का? तुमचे मालक पित्यात, ते काय मेले?" मग कंबरेवर हात ठेवून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "लई संशयी बाई तुमी! त्या गरीब पोरीला हाकलली, आता माजी पाळी व्हय? ऱ्हाऊ द्या. उद्यापासनं दूध न्हाई आनायची."

राहू दे नाहीतर. पिशवीचं दूध आणेन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पिशवीचं दूध आणलं तरी उतार नाही. पातळ आमटी भाताबरोबर मऊ करून घालते, बळंच. लसणाची, पोटाला चांगली. पुन्हा तो चहासारखा रंग.

भाऊबीजेला ती फाटकाशी आली होती. भिंतीवरून काही फेकलं असेल का? पण त्याला महिना होत आला. की रोज येते? बसथांब्यावर परवा तिच्यासारखी कोणीतरी दिसली होती. मला आता कशाचाच भरवसा वाटत नाही. रांधताना झाकणं दोनदा उघडून बघते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सरपंच ह्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडला आणि तसाच पडून राहिला. मी धावले. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "ने."

माझ्याशी. दहा महिन्यांनी. एक शब्द.

"कुटं नेऊ?"

"डॉक्टर. ने गं."

टोपलीत घालून रिक्षानं पिरंगुटला नेलं. जनावरांचा डॉक्टर अगदी तरुण, मिसरूडसुद्धा नीट नाही. त्यानं सरपंचाचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक. "मावशी, ह्याच्या अंगातलं रक्त तुटतंय. खायला काय देता?"

"सगळं घरचं. पाकिटातलं काही न्हाई."

"कांदा, लसूण?"

मला हसू आलं. "अहो, आमच्या घरात चातुर्मास पाळतात. चार महिने कांदा-लसूण घरात येत न्हाई."

"तो तर संपला ना आता?"

"संपला की. तुळशीच्या लग्नाला."

"आणि हा आजारी कधीपासून?"

"आता झाले आठ-धा दिवस."

"ह्याआधी झाला होता कधी?"

"जूनमध्ये. कांदेनवमीला तर अगदीच..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. तो टेबलापाशी उभा राहून सांगत होता: कांदा, लसूण, पात, काहीही, कच्चा असो, तळलेला असो, वाटणात असो, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूण तर जास्तच वाईट. रोज थोडं थोडं गेलं तरी साठत जातं. बंद केलं की सावरतात, वेळेवर केलं तर.

मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, हा करिष्माचाच माणूस असणार, तिनंच शिकवून ठेवलाय. एवढं सगळं समोर दिसत असताना मला हे वाटलं! अशी बाई आहे मी.

सरपंचाला तिथंच ठेवून घेतला. सलाईन लावलं. मी रिकामी टोपली घेऊन रिक्षात बसले आणि रिक्षावाला कुठं जायचं विचारतोय तर मला गावाचं नाव सांगता येईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

मूठ. त्या दिवशी तिच्या मुठीत कांदा होता. ती टाकत नव्हती, काढत होती. ह्यांनी बघितलं होतं आणि हातानं सांगितलंही होतं: वाटीतून काढून बाहेर टाकलं. मी विचारलं आणि उत्तर बघितलंच नाही.

घरात वाटण पडलंय, मी भाकरी आणि दूध खाल्लं. ह्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे. कशानं ते सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरपंच गेला. सकाळी फोन आला.

आणला आणि पेरूखाली पुरला. अंबाबाई शेळ्या घेऊन खालच्या वावरातून चालली होती. खड्डा खणताना बघून थांबली, वर आली, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतः खणला. मी तिला म्हटलं, "दुधाचं न्हवतं गं काही. माझ्याच कांद्या-लसणाचं होतं. माझं चुकलं."

"आसू द्या," म्हणाली. आणि माती सारखी करून झाल्यावर, "मालकांचं कसं आता?"

मालकांचं तेच. खुर्चीत बसलेत. ओठ मिटलेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे काही खात नाहीत. पेपर उघडत नाहीत.

मनात आलं, सांगावं कुणीतरी उंदराचं औषध टाकलं होतं. विश्वास बसेल. गावात टाकतात लोक. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही, नुसतं कुणीतरी. म्हणजे त्यांना कधी कळणार नाही, की भजी त्यांनी भरवली होती. त्या एका हातानं. तो हात हलावा म्हणून मीच रोज बशीत दोन भजी जास्त ठेवायची.

एवढं सोपं आहे कुणीतरी म्हणणं. मला तर सवयच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

करिष्माला फोन केला. तीन वेळा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. मी सगळं सांगितलं, सरपंच गेला तेही. ती फोनवर रडली, आणि ह्या वेळी मला ओळखता आलं.

मग शांतपणे म्हणाली, "काकू, मला घोटावड्यात दोन ठिकाणी खोली नाकारली. एका बाईनं तोंडावर सांगितलं, तू जनावरांना विष घालतेस. मी महिनाभर मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होते."

"तू तवाच बोलली का न्हाईस गं?"

"बोलले होते."

खरं आहे. बोलली होती. दोनदा.

"कांदा मी रोज वेचून काढायचे," ती म्हणाली. "रस्सा कसा काढणार?" मी म्हटलं, खोली रिकामीच आहे, परत ये, भाड्याचं बघू. ती म्हणाली, "नाही काकू. आणि मला परत फोन करू नका."

ठेवला तिनं. मी ठेवलेल्या फोनवर अजून एकदा "चुकले" म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार

चहा घेऊन गेले. बशीत काही नव्हतं, नुसता चहा. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कशानं?"

मी खाली बसले. काय सांगायचं ते ठरवून गेले होते. मी म्हटलं, "माझ्या हातानं. कांदा-लसूण मांजराला विष असतं म्हणे. मी रोज पहिला घास रश्श्यात कालवून घातला. करिष्माचं काही नव्हतं, अंबाबाईचं नव्हतं. मीच." भजीचं काढलं नाही.

त्यांनी कप खाली ठेवला, डाव्या हाताचा पंजा उघडला, त्याच्याकडं बघितलं.

"भजी," म्हणाले. "मी."

"दोन-चार तर असायची. त्यानं काय होतंय?"

"खोटं बोलतीस." जड, पण स्वच्छ. "रोज. मी. दिली."

मग मला रडू आवरेना आणि त्यांनाही. दोघं म्हातारी मांजरासाठी रडतायत, कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी?"

सगळं सांगितलं. एजंटाला केलेला फोनसुद्धा, जो मी त्यांच्यापासून लपवला होता. वाटलं, आता पुन्हा ओठ मिटतील. मिटले. मग उघडले.

"लाव. फोन."

"तिनं नको म्हटलंय."

"मी... बोलतो. लाव."

जानेवारीपासून ह्यांनी फोन कानाला लावलेला नाही. पोटच्या मुलीशी बोलले नाहीत. मी नंबर लावून त्यांच्या डाव्या हातात दिला. घंटा वाजत राहिली. मग ती आली, मला इथंपर्यंत ऐकू आली, "काकू, मी सांगितलं होतं ना—"

"का... काका," हे म्हणाले. "बोलतोय."



ह्यांनी दम घेतला. ओठाच्या कडेनं लाळ आली. मी पुसायला पदर पुढं केला, तर मान वळवून मला बाजूला सारलं. "चूक... झाली. आमची," म्हणाले. "दोघांची." पुढचा शब्द अडकला. पुन्हा सुरुवातीपासून काढला, पुन्हा अडकला. घाम आला कपाळावर. मला वाटलं आता ती ठेवणार.

ठेवला नाही. "मी ऐकतेय काका," ती म्हणाली. "सावकाश बोला."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दाराआड उभी राहिले नाही.